सरांचं सेवापुस्तक

शनिवारी ९ नोव्हेंबर २०२४ ला आमच्या जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या ब्राझिलियन कुस्तीच्या, सरांच्या कमरेला लाल-काळा पट्टा बांधला गेला. त्यासाठी ब्राझीलमध्ये रिओला जी फाईल पाठवावी लागली ती मी तयार केली. १८ फेब्रुवारी २०२३ ला हातात घेतलेलं काम संपायला जवळजवळ एकवीस महिने लागले. मधे फाईल एकदा परत आली आणि एका तारखेपायी साडेचार महिने गेले. मला वाटेत कुणी सांगायला नव्हतं. आता पुण्या-मुंबईतही मुलं हा खेळ शिकतात, इकडे अमेरिकेत तर आपली कितीतरी मुलं शिकतात. त्यांचेही शिक्षक कधीतरी साठीच्या पुढे जातील, आणि कुणावर तरी हे काम येईल. त्या कुणासाठी तरी हे लिहिते आहे.

आधी पट्ट्याबद्दल. ब्राझिलियन जिउ-जित्सूत पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा हा क्रम बहुतेकांना माहीत असतो. काळ्याच्या पुढचा रस्ता फारसा माहीत नसतो, कारण तो फार लांब आहे. काळ्या पट्ट्याच्या टोकाशी एक लाल पट्टी असते आणि तिच्यावर पांढऱ्या रेघा चढत जातात, त्या डिग्री. आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमाप्रमाणे पहिल्या तीन डिग्रींना प्रत्येकी ३ वर्षं, चौथी ते सहावीला प्रत्येकी ५ आणि सातवीला ७. बेरीज ३१. सातव्या डिग्रीला काळा पट्टा जाऊन लाल-काळा येतो. पोवळा सापाच्या पट्ट्यांवरून त्याला कोरल म्हणतात. आणखी ७ वर्षांनी लाल-पांढरा, त्यानंतर १० वर्षांनी पूर्ण लाल. वयाच्या १९ व्या वर्षाआधी काळा पट्टा मिळत नाही, म्हणजे सगळं अगदी वेळेवर झालं तरी लाल पट्टा ६७ च्या आत नाही. दहावी डिग्री कार्लोस आणि हेलिओ ग्रेसी यांच्यासारख्या मूळ पिढीपुरतीच ठेवलेली आहे.

सरांना काळा पट्टा मिळाला १९९० मध्ये. म्हणजे २०२१ मध्येच त्यांची ३१ वर्षं भरली होती. त्यांनी अर्ज केला नाही. आमच्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्या फेब्रुवारीतल्या शनिवारी, क्लास संपल्यावर मॅट पुसताना, हा विषय काढला. सर म्हणाले, "माझ्या मुलांना माहीत आहे मी कोण ते." मग उठून ऑफिसमधून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. ख्रिसमसला ब्राझीलमध्ये जो गोड पाव मिळतो त्याचा, झाकण गंजलेला. डब्यात त्यांची सगळी कागदपत्रं होती. १९९०, १९९३, १९९६ ची प्रमाणपत्रं, त्यातल्या एकावर पाण्याचा मोठा डाग. मग २००४, २००९, २०१४. १९९९ नव्हतं. तिसरी डिग्री.

"ते कुठे आहे?" मी विचारलं.

"त्याचा कागद नव्हताच. मेस्त्रेंनी, माझ्या गुरूंनी, स्वतःच्या हाताने पट्टी गुंडाळली. पुरे होतं तेव्हा."

तेव्हा मी "मी बघते" म्हणून गेले. का म्हटलं ते सांगायला हवं.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २००३ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सेवापुस्तकात १९७९ ते १९८१ या दोन वर्षांची नोंदच नव्हती. तेव्हा त्यांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती, आणि पुस्तक एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना नोंद राहून गेली. त्या दोन वर्षांत बाबा रोज आठ किलोमीटर सायकल मारून शाळेत गेले होते. त्यांनी मुळाक्षरं गिरवून घेतलेली पोरं तोवर बायका-मुलांची झाली होती. पण पेन्शन अडलं ते अडलंच. चौदा महिने बाबा पिशवीत कागद घेऊन एसटीने तालुक्याला जायचे आणि "साहेब रजेवर आहेत" ऐकून परत यायचे. मी तेव्हा नुकतीच अमेरिकेत आले होते. रविवारच्या फोनवर "होईल बाबा, थोडा धीर धरा" एवढंच म्हणत राहिले. एकाही कागदासाठी मी धावले नाही. ते मला आजही बोचतं.

शेवटी तो गुंता सुटला तो त्या जुन्या शाळेच्या कपाटात सापडलेल्या पगारपत्रकांमुळे. महिन्याच्या महिन्याला बाबांची सही, पुढे रक्कम. त्यावरून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती: मूळ पुस्तकात नोंद नसली तर बाजूच्या कुठल्या तरी वहीत ती असते, आणि ती वही शोधायला माणसं हयात असतानाच बसायला हवं.

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला एका कंपनीत हिशेब बघते. २०१७ पर्यंत मुलीला क्लासला सोडून गाडीत पुस्तक वाचत बसायचे. एके दिवशी सर बाहेर आले आणि म्हणाले, आत येऊन वाच. आत गेले, आणि महिन्याभरात, एक्केचाळिसाव्या वर्षी, मॅटवर उतरले. आजोबा तालमीतले, त्यामुळे पाठ जमिनीला लागली की चितपट, खेळ खलास, हे मनात घट्ट. सरांनी पहिल्याच दिवशी मला उताणं झोपवलं आणि म्हणाले, इथून सुरुवात. पहिले तीन महिने मी पाठीवरून कंबर सरकवत मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला शिकले. दुसरं फार काही नाही. क्लासमध्ये सगळे त्यांना 'प्रोफेसर' म्हणतात, हीच रीत आहे. मी मात्र मनात आणि घरी 'सर'च म्हणते.

अर्ज कुठे करायचा हा पहिला प्रश्न. सरांची गुरुपरंपरा ज्या संघटनेत आहे तिचं कार्यालय रिओत. मार्च २०२३ मध्ये ईमेल केला, सोळा दिवसांनी उत्तर आलं: पोर्तुगीजमध्ये चार पानांची यादी. प्रत्येक डिग्रीचा पुरावा. १९९० पासून सलग शिकवत असल्याचा पुरावा. सातव्या किंवा त्यावरच्या डिग्रीच्या दोन ज्येष्ठांची शिफारसपत्रं. सरांनी दिलेल्या काळ्या पट्ट्यांची यादी, तारखांसह. प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र. तीन पानांत कारकिर्दीचं टिपण. ज्या डिग्रीचं प्रमाणपत्र नाही तिच्यासाठी डोळ्यांनी पाहिलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं, आणि ती ब्राझीलबाहेर केलेली असतील तर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून दिलेला सरकारी दाखला, आणि शपथबद्ध अनुवादकाचं भाषांतर.

यादी हातात आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती चुकीची होती. सोप्या कागदांपासून सुरुवात केली. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र एका रविवारात झालं, ८५ डॉलर. पण त्याची मुदत दोन वर्षांची. पुढे फाईल लांबली तेव्हा ते संपतंय की काय याची धाकधूक लागून राहिली. तेव्हा मुदतीचे कागद सगळ्यात शेवटी करा आणि हरवलेल्या कागदाच्या मागे सगळ्यात आधी लागा.

दुसरी अडचण नावाची. ब्राझीलमध्ये आईचं आणि वडिलांचं अशी दोन्ही घराण्यांची नावं लागतात. सरांचं पूर्ण नाव चार शब्दांचं. १९९० च्या प्रमाणपत्रावर चारही, १९९६ वर तीन, इथल्या ग्रीन कार्डावर मधलं एक गळलेलं, आणि क्लासच्या पाटीवर फक्त टोपणनाव. आपल्याला वडिलांचं नाव मधे लावायची सवय, त्यामुळे इकडच्या फॉर्मवर आपली जी गत होते तीच. मी एका कागदावर नावाची पाच रूपं आणि ती कुठल्या कागदावर आहेत हे लिहून काढलं, आणि "या सर्व नावांची व्यक्ती एकच" असं सरांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र फाईलच्या पहिल्या पानावर लावलं. ते कुणी मागितलं नव्हतं. त्याबद्दल पुढे एकही प्रश्न आला नाही.

मग कारकिर्दीचं टिपण. दर गुरुवारी दुपारच्या क्लासनंतर मी वही घेऊन सरांसमोर बसायचे. एप्रिलपासून जुलैपर्यंत चौदा गुरुवार. त्यांना स्वतःबद्दल बोलायला आवडत नाही, पण दुसऱ्याबद्दल विचारलं की ते तासभर बोलतात. मला हे तिसऱ्या गुरुवारी उमगलं. "तुम्ही कधी सुरू केलंत" ऐवजी "तुम्हाला कुणी शिकवलं" असं विचारायला लागले आणि सगळं बाहेर येत गेलं.

सर वाढले रिओच्या उत्तरेकडच्या उपनगरात, समुद्रापासून लांब, लोकलच्या रुळांजवळ. १९७३ मध्ये, चौदाव्या वर्षी, शेजारच्या मुलाबरोबर क्लासला गेले. त्यांचे मेस्त्रे ओस्वाल्डो फादांचे विद्यार्थी. जिउ-जित्सू म्हटलं की जगाला ग्रेसी घराणं आठवतं आणि ते योग्यच आहे. पण फादांची वाट वेगळी होती. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला आले आणि ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात राहिले. ग्रेसींची परंपरा त्यांच्यापासून निघते, आणि लुईझ फ्रान्सा यांच्या मार्फत फादांचीही. फादा नौसैनिक होते. त्यांनी १९५० मध्ये बेंतो रिबेरो या उपनगरात शाळा काढली. तेव्हा हा खेळ पैसेवाल्यांचा होता. फादांनी तो ज्यांच्याकडे फी नाही अशांना शिकवला, बागेत शिकवला, समुद्रकिनाऱ्यावर शिकवला. १९५० च्या दशकात त्यांच्या विद्यार्थ्यांनी ग्रेसी अकादमीशी सामने केले आणि जिंकले. पायाच्या पकडी हे त्यांचं हत्यार. समोरच्या बाजूचे लोक 'सापातेइरो', म्हणजे जोडे शिवणारे, असं ओरडून हिणवायचे. सर हे सांगताना हसत नाहीत. "माझे वडील चपला दुरुस्त करायचे," ते म्हणाले. "मला त्यात काय वाईट ते कळलंच नाही." हे वाक्य मी टिपणात जसंच्या तसं घेतलं.

सरांकडून त्यांच्या मेस्त्रेंनी कधी फी घेतली नाही. बदल्यात मॅट झाडायची आणि लहान मुलांचा क्लास घ्यायचा. निळ्या पट्ट्यावर असताना ते शिकवायला लागले, आणि १९९० पासून एका शाळेच्या सभागृहात स्वतःचे क्लास घेऊ लागले. नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हरला यूएफसी ही वेगवेगळ्या लढाऊ खेळांतल्या गड्यांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, रॉयस ग्रेसीने आपल्यापेक्षा जड गडी एकामागून एक हरवले, आणि अमेरिकेत एकदम जिउ-जित्सूच्या शिक्षकांना मागणी आली. सर १९९६ मध्ये आले ते दोन गी, म्हणजे या खेळाचे पोशाख, घेऊन. एका मित्राच्या गॅरेजमध्ये, सतरंजीवर जुनी गादी टाकून सहा जणांना शिकवायला सुरुवात केली.

आता "सलग शिकवत असल्याचा पुरावा". १९९८ नंतरचं सोपं होतं: शहराचा व्यवसाय परवाना, जागेचे भाडेकरार. त्याआधीच्या आठ वर्षांचं काय? भाडं नाही, पावती नाही, परवाना नाही. मी हे सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वह्या चालतील का?"

वह्या माळ्यावर होत्या. एकसष्ट. शाळेच्या पाठकोऱ्या वह्यांसारख्या, काहींना वाळवी लागलेली. प्रत्येक क्लासची हजेरी. तारीख, कोण आलं, काय शिकवलं, आणि शेवटच्या रकान्यात कुणाला काय दुखलं. पहिली नोंद मार्च १९९० ची. मी तिथेच थंड फरशीवर बसून पहिल्या वह्या उघडल्या आणि मला बाबांचा हजेरीपट आठवला. लाल शाईने मारलेली गैरहजेरीची खूण, महिनाअखेरीची बेरीज. बाबा रविवारी ओट्यावर बसून ती बेरीज जुळवायचे. सरांच्या वह्यांत बेरीज नाही, पण तो शेवटचा रकाना आहे. "डावा खांदा, पंधरा दिवस हळू." "आई आजारी, फी मागू नये." "आज पहिल्यांदा हसला." चौतीस वर्षांत हजारो माणसांबद्दल.

२०१२ च्या वहीत तीन महिने अक्षर वेगळं आहे. तेव्हा सरांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. मला वाटलं, इथे खंड पडला. पण तारखा चालूच होत्या. सर खुर्चीवर बसून शिकवत होते आणि वही एक विद्यार्थिनी लिहीत होती, कारण खुर्चीत मांडीवर वही टेकवता येत नव्हती. त्या विद्यार्थिनीला २००८ मध्ये काळा पट्टा मिळाला होता, सरांच्या हातून तो मिळालेली ती पहिली बाई. तिनेच मग या काळाचं प्रतिज्ञापत्र दिलं.

वह्या पाठवणं शक्य नव्हतं. मी दर वर्षाची जानेवारी, मे आणि सप्टेंबरची पानं स्कॅन केली, ३०० डीपीआयवर, आणि प्रत्येक फाईलला वर्ष-महिना-पान असं नाव दिलं. शंभरावर पानं झाली. फोनने फोटो काढू नका, पेन्सिलीची अक्षरं उमटत नाहीत. काळ्या पट्ट्यांची यादीही याच वह्यांतून निघाली. सरांना एकवीस नावं आठवत होती, वह्यांत तेवीस निघाली. उरलेल्या दोघांपैकी एकजण वारला होता. सर त्या पानावर बराच वेळ बोट ठेवून बसले.

१९९० ते ९६ च्या वह्या आहेत, पण त्या सरांनीच लिहिलेल्या. बाहेरचा पुरावा हवा होता. इथे एका गोष्टीचा फार उपयोग झाला. ब्राझीलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा जुन्या वर्तमानपत्रांचा डिजिटल संग्रह आहे, हेमेरोतेका. घरबसल्या, फुकट, शब्द टाकून शोधता येतो. ऑगस्टमधल्या तीन रात्री गेल्या. सरांच्या नावाने काहीच मिळेना. शेवटी त्यांच्या टोपणनावाने आणि उपनगराच्या नावाने शोधलं, तेव्हा १९९२ च्या एका स्पर्धेच्या निकालात दोन ओळी सापडल्या: मुलांच्या गटात अमुक शाळेचा संघ, शिक्षक म्हणून सरांचं टोपणनाव. रात्रीचा दीड वाजला होता. मी त्यांना लगेच फोटो पाठवला. सकाळी त्यांचं उत्तर आलं होतं, फक्त त्या संघातल्या चार मुलांची नावं.

आता १९९९. त्या वर्षी जुलैत सर रिओला गेले होते आणि मेस्त्रेंनी सगळ्यांसमोर तिसरी पट्टी गुंडाळली. मेस्त्रे २०११ मध्ये गेले. तिथे हजर असलेले दोघे सापडले: एक रिओत, ७८ वर्षांचे, आणि एक इथे कॅलिफोर्नियात.

रिओच्या काकांना 'कार्तोरिओ'त जावं लागणार होतं. कार्तोरिओ म्हणजे आपल्याकडचा नोटरी आणि दुय्यम निबंधक कार्यालय यांच्या मधलं काहीतरी. तिथे तुमच्या सहीचा नमुना कार्डावर ठेवलेला असतो आणि कागदावरची सही त्याच्याशी ताडून शिक्का मारतात. काकांच्या कार्डावरची सही वीस वर्षं जुनी, आता हात थरथरतो, सही जुळेना. नवीन कार्ड करायला स्वतः जावं लागतं आणि ते नेमके न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेले. सात आठवडे थांबलो. मी दर सोमवारी त्यांच्या पुतण्याला फोन करायचे, कागदाबद्दल न विचारता तब्येतीबद्दल विचारायचे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काका पुतण्याच्या खांद्याला धरून कार्तोरिओत गेले.

कॅलिफोर्नियातला कागद वरकरणी सोपा. नोटरी एका सहीचे जास्तीत जास्त १५ डॉलर घेऊ शकतो. इथल्या नोटरीला मूळ प्रमाणपत्राची प्रत 'खरी' म्हणून साक्षांकित करण्याचा अधिकार नाही, आपल्याकडच्यासारखी ट्रू कॉपी इथे मिळत नाही. त्यामुळे प्रतीला मालकाचं प्रतिज्ञापत्र जोडून त्या सहीचं नोटरीकरण करायचं. मग राज्य सरकारचं अपोस्टिल: प्रत्येकी २० डॉलर, सॅक्रामेंटोला टपालाने पाठवून. आमचे दोन कागद १२ ऑक्टोबरला गेले, २० नोव्हेंबरला आले. भाषांतरं रिओतल्या अनुवादकाने केली, १३५ डॉलर.

२२ जानेवारी २०२४ ला संपूर्ण फाईल गेली, २६० डॉलर शुल्कासह. हे शुल्क सरांनी स्वतः भरलं, बाकीचं आम्ही विद्यार्थ्यांनी वाटून घेतलं. मग शांतता. १३ फेब्रुवारीला कार्निव्हल होता आणि तो होईपर्यंत तिथे कुठलंच कार्यालय नव्या कामाला हात लावत नाही, हे मला सरांच्या बायकोने सांगितलं. म्हणजे एकतर नोव्हेंबरात पाठवा, नाहीतर मार्चमध्ये.

११ मार्चला फाईल परत आली. कारण एका ओळीत: दोन साक्षीदारांच्या तारखांमध्ये तीन महिन्यांचा फरक.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिले. रिओच्या काकांनी लिहिलं होतं १०/०७/१९९९. इथल्या साक्षीदाराने ७/१०/१९९९. दोघांनाही म्हणायचं होतं १० जुलै. ब्राझीलमध्ये आपल्यासारखाच दिवस आधी, अमेरिकेत महिना आधी. भाषांतरात आकडे तसेच उतरले होते. वीस वर्षं इथे राहून माझे डोळे दोन्हीला सरावले होते, म्हणून मला चूक दिसलीच नव्हती. कंपनीत मी दुसऱ्यांच्या अशा चुका पकडते. त्या रात्री मी जेवले नाही. सरांना सांगायला गेले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. सर म्हणाले, "पाठीवर आहेस ना? मग कंबर सरकव."

कागद पुन्हा. नोटरी १५, अपोस्टिल २०, भाषांतर पुन्हा, यावेळी महिना अक्षरांत. तुम्हीही महिना अक्षरांतच लिहा, प्रत्येक कागदावर.

या वेळात एक चांगली गोष्ट झाली. कार्तोरिओतल्या त्या दिवसानंतर काकांनी जुनं कपाट काढलं होतं, आणि त्यांना एक फोटो सापडला होता. सर तरुण, मिशा, घामाने चिकटलेले केस. समोर मेस्त्रे किंचित वाकून पट्टीचं टोक दातांनी तोडताहेत. पट्ट्याच्या लाल भागावर भिंगातून पाहिलं तर दोन रेघा आधीच्या आणि तिसरी अर्धी गुंडाळलेली. मागे फोटोच्या दुकानाचा शिक्का: जुलै १९९९. हा फोटो फाईलमध्ये जाण्याआधी मी त्याची मोठी प्रत काढून सरांना दिली. त्यांनी ती क्लासमध्ये लावली नाही, घरी नेली.

३ जूनला फाईल दुसऱ्यांदा गेली, २९ ऑगस्टला मंजुरी आली. पट्ट्याचे ७० डॉलर, टपाल, कार्तोरिओ सगळं धरून एकूण खर्च साधारण ७३५ डॉलर झाला. यातले साठ-सत्तर तारखेच्या चुकीचे.

९ नोव्हेंबरला सकाळी लॉस एंजेलिसहून लाल-पांढऱ्या पट्ट्याचे एक ज्येष्ठ आले होते. रिओचे काका व्हिडिओवर होते, पुतण्याने फोन धरलेला. पट्टा मिळाल्यावर रांगेतून जाताना दोन्ही बाजूंनी पट्ट्याचे फटके मारायची एक प्रथा आहे, सरांनी ती आमच्याकडे कधीच होऊ दिली नाही, त्या दिवशीही नाही. काळा पट्टा सोडताना त्यांची बोटं गाठीत अडकली. चौतीस वर्षांत तो काठांना पांढरा पडला होता. नवा पट्टा कडक, गाठ बसेना, दोघांनी मिळून बसवली. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि ज्येष्ठांनी त्यांना पहिल्यांदा 'मेस्त्रे' म्हणून हाक मारली. सरांनी मागे वळून पाहिलं. क्षणभर त्यांना वाटलं असावं, कुणी दुसरंच आलंय.

मग त्यांनी नेहमीसारखा क्लास घेतला.

सोमवारी मी लवकर गेले. बासष्टावी वही टेबलावर उघडी होती. शनिवारची नोंद झालेली: चौसष्ट नावं, शिकवलं काय त्या रकान्यात "पाठीवरून कंबर सरकवणं", शेवटच्या रकान्यात एका लहान मुलाचं मनगट दुखल्याचा उल्लेख. पट्ट्याबद्दल एक अक्षर नाही. मी पेन घेतलं, त्याखाली ९ नोव्हेंबर २०२४ अशी तारीख अक्षरांत घातली, सातवी डिग्री, कुणी दिली, कोण हजर होतं ते लिहिलं, आणि वही सरांपुढे सरकवली. त्यांनी वाचलं, चष्मा सारखा केला आणि चारही शब्दांचं पूर्ण नाव लिहून सही केली.